खिडकी कोरी होती

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझी दोन पत्रं उत्तरावाचून पडून आहेत आणि मी आठ महिने गप्प बसलोय, याची मला खरंच लाज वाटते. खांदा आता बरा आहे. झोप सोडली तर तब्येतीची तक्रार नाही. घरची सगळी मजेत.

पत्रास कारण की, रविवारी विमानात, उडीच्या आधी, आपल्याला पॅराशूट शिकवणाऱ्या मास्तरांची खिडकी कोरी निघाली.

हे इथे कुणाजवळ बोललो असतो तर समोरचा म्हणाला असता, होतं असं कधी कधी, वेळेत दिसलं ना, मग झालं तर. हे वाचून पोटात खड्डा पडेल असा तू एकटाच. म्हणून तुला लिहितोय.

तिसरा लोड होता, विमानाची दिवसातली तिसरी फेरी. दहा हजार फुटांवर आलो तशी सगळ्यांनी एकमेकांच्या पिना बघायला सुरुवात केली. माझ्या पुढ्यात मास्तर पाठमोरे. पाठीवर तेच पॅराशूटचं रिग, खांद्यापाशी ऊन खाऊन निळ्याचं राखाडी झालेलं. खरं सांगतो, कित्येक वर्षं मी त्यांचं रिग बघतो ते नुसतं बघितल्यासारखं करतो. फ्लॅप उघडायचा, एक नजर, फ्लॅप बंद, खांद्यावर थाप. रविवारी का कोण जाणे, नजर थांबली. वर रिझर्व्हची, म्हणजे राखीव पॅराशूटची, पिन नीट, लाल दोरा आणि शिशाचं सील शाबूत. खाली मेन पॅराशूटची वाकडी पिन लूपमध्ये पुरती बसलेली, लूपही नवाकोरा. आणि पिनेशेजारी, पायलट च्यूटला मेनशी जोडणाऱ्या ब्रायडल पट्टीतली ती नखाएवढी खिडकी. तिच्यात आतल्या दोरीचा हिरवा रंग दिसायला हवा होता. दिसत होती नुसती पांढरी दोरी.

मी फ्लॅप बंद केला आणि परत उघडला. पांढरीच.

ही खिडकी आपल्याला कुणी शिकवली रे? पॅकिंग शेडमधल्या त्या फाटक्या गालिच्यावर गुडघे टेकून त्यांनीच ना? फेकलेलं छोटं पायलट च्यूट पिन काढून मेन बाहेर ओढतं; मेनची कॅनपी, म्हणजे छत्री, उघडली की ब्रायडलमधली दोरी, किल लाइन, त्याला आतून ओढून मिटवते, म्हणजे ते मागे फुगून ओढ लावत नाही. सोय चांगली, पण पुढच्या पॅकिंगला ते परत ताणून कॉक करायचं राहिलं, तर तू हवेत पायलट च्यूट फेकणार नाहीस, रुमाल फेकशील. तो "रुमाल" त्यांनी तुझ्या नाकासमोर धरून हलवला होता. तू शिंकलास आणि सगळं शेड हसलं. तेव्हापासून पॅकिंग करताना हिरवा दिसला की मी मनात "रुमाल नाही" म्हणतो. आजही म्हणतो.

आणि त्या रुमालावरून आपण दोघं काय भांडलो होतो! रुमाल मागे लोंबकळतोय, पिन निघत नाही, मग आधी मेन तोडायची, म्हणजे अंगापासून सोडवायची, की सरळ रिझर्व्ह ओढायचं? तू म्हणायचास सरळ रिझर्व्ह, वेळ घालवू नका. मी म्हणायचो, रिझर्व्ह उघडताना पाठीवरचा ताण सैल झाला की मेनही बाहेर येईल, मग दोन-दोन कॅनप्या डोक्यावर घेऊन काय करणार? त्यावर तुझं ठरलेलं, की आधी मेन तोडलीस आणि ती उशिरा सुटून रिझर्व्हच्या दोऱ्यांत गुंतली तर? दोन दिवस आपण बोलत नव्हतो. शेवटी मास्तर म्हणाले, दोन्ही रस्ते माहीत असलेले मेलेत आणि दोन्ही रस्त्यांनी गेलेले वाचलेत, जमिनीवर एक काय ते ठरवा आणि वर गेल्यावर पुन्हा विचार करू नका. मी अजून माझ्याच रस्त्याचा आहे. तूही तुझ्याच असणार, माहीत आहे मला.

तर दहा हजार फुटांवर हा सगळा गालिचा माझ्या डोक्यात उलगडला. तीन हजार फुटांवर त्यांनी तो रुमाल फेकला असता. ताशी १९०-२०० किलोमीटरचा वेग. हजार फूट जायला साडेपाच सेकंद. वय अडुसष्ट.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मास्तर, खिडकी कोरी आहे." ते वळले नाहीत. "नीट बघ," एवढंच म्हणाले. मी पुन्हा बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी मान हलवली, आणि दार उघडायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुडघा धरलाय, मी विमानातनंच उतरतो." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं. मीही म्हटलं, माझा कान उघडत नाहीये. बाकीचे एकेक करून गेले. आमच्यातलं नवं पोर, धाकटा, जाताना दोघांना हात करून गेला.

उतरताना मात्र ते तेच मास्तर होते. दार लागल्याबरोबर मला म्हणाले, रिझर्व्हच्या हँडलवर हात ठेव, पायलटला सांग दोघं परत येतोय, सूर मारू नको. रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र चालू असताना विमान भसकन खाली नेलं तर काय होऊ शकतं, ते त्यांना त्या क्षणीही आठवत होतं. मग जमिनीपर्यंत एक शब्द नाही. ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्या हातांकडे. पॅकिंग करून करून बोटांची पेरं कशी झालीत, तू बघितली आहेस.

शेडमध्ये त्यांनी पिन काढली, बॅग बाहेर घेतली, किल लाइन ताणली. हिरवा सरकत खिडकीत आला. पुन्हा घडी घातली, प्रत्येक रबर बँड बदलला, आणि मला हाक मारून म्हणाले, "बघ." मी बघितलं. "हिरवा," म्हटलं. शेवटच्या लोडला ते गेले, दोन पावलांत उभ्याउभ्या उतरले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. आणि कुणाला काही सांगितलं नाही.

एवढंच असतं तर मी तुला लिहिलं नसतं. कॉक करायचं कुणीही विसरतं. तूही विसरला होतास आणि मी शेडमध्येच पकडलं होतं. तेव्हापासून मी तुझ्या पॅकिंगला पोत्यात कापूस भरणं म्हणतो, ते मी मागे घेणार नाही. पण मार्चमध्ये त्यांचा छातीचा पट्टा बकलमधून उलटा गेलेला होता. धाकट्याने जमिनीवरच पाहिला. साठ उड्यांचं पोर ते, घाबरत घाबरत बोललं. मास्तर हसले, त्याची पाठ थोपटली, म्हणाले असंच डोळे उघडे ठेवायचे. सगळे म्हणाले, बघा, कसं शिकवतात. मीही तेच म्हटलं. मग मागच्या महिन्यात विमानात चढताना त्यांच्या एएडीचा, त्याच आपोआप उघडणाऱ्या यंत्राचा, डिस्प्ले रिकामा दिसला. शून्य नाही, काहीच नाही. मी म्हटलं, जरा थांबा, आणि त्यांच्या पाठीमागे उभा राहून बटण दाबलं, लाल दिवा, दाबलं, लाल दिवा, चार वेळा. ते म्हणाले, "अरे, सकाळी लावलं होतं." सकाळी लावलेलं चौदा तासांनी आपोआप बंद होत असतं. आम्ही सकाळी दहाला जमलो होतो आणि तेव्हा बारा वाजले होते.

याच यंत्रावरून त्यांनी किती वाद घातला होता, आठवतंय ना? १९९१ साली सायप्रस नावाचं एएडी आलं तेव्हा म्हणे ते वर्षभर म्हणत होते, यंत्राच्या भरवशावर ज्याला उडी मारायचीय त्याने मारूच नये. पोटावर रिझर्व्ह बांधून, दोन खांद्यांवरचे दोन खटके वेगवेगळे सोडून मेन तोडायची, त्या काळातला माणूस. मेन एका ओढीत तोडणारं थ्री-रिंग आलं तेव्हाही त्यांनी महिनाभर ते उलगडून, वाकवून, परत जोडून बघितलं आणि मगच अंगावर घातलं. पण एकदा पटलं की पटलं. आपल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, यंत्र सुटेल २२५ मीटरवर, तिथून जमीन चार सेकंद, ते चार सेकंद तुमचे नाहीत, उसने आहेत. अमेरिकेत २००८ साली रिझर्व्ह परत पॅक करायची मुदत १२० दिवसांची १८० झाली. तू म्हणालास, बरं झालं, सारखं उघडून-दाबून कापडच झिजतं. मास्तर अजूनही चार महिन्यांनी रिगरकडे, रिझर्व्ह पॅक करणाऱ्याकडे, जातात. कार्डावरच्या तारखा बघ, एक चुकलेली नाही. थ्री-रिंगच्या पिवळ्या केबल महिन्याला पुसलेल्या. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. सामान इतकं चोख, की माणसाकडे कोण बघणार?

आणि हेच मला रात्रभर छळतंय. यूएसपीएच्या, अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या, नियमांत बघ, ए परवान्याला २५ उड्या, डीला ५००, पंखांचा विंगसूट घालायचा तर २००. चढताना प्रत्येक पायरीवर कुणीतरी उभा असतो. सहा हजारांच्या वर उड्या झालेल्या माणसाजवळ कोण उभं असतं? धाकट्याची पिन तिघं बघतात. मास्तरांची बघणारा मी, आणि मी थाप मारून मोकळा होत होतो. आदराने करत होतो, हे खरं. पण त्या आदरापायी मी त्यांना एकटं सोडलं होतं. विमानात मागे बसणाऱ्याचं काम काय, तर पुढच्याच्या पाठीवर त्याला स्वतःला जे दिसत नाही ते बघणं. मी ते केलं नाही.

सुरक्षेचं बघणाऱ्याकडे जावं का? गेलो तर सोमवारी सगळ्या ड्रॉपझोनला, उड्यांच्या मैदानावरच्या सगळ्यांना, कळेल आणि मंगळवारी मास्तर रिग विकायला काढतील. त्यांच्याशी बोलायचं तर काय बोलू? उड्या थांबवा म्हणू? वहिनी गेल्यापासून शनिवार-रविवार सोडून त्यांच्याकडे आहे काय? की म्हणू, तपासून घ्या एकदा, डॉक्टरांना दाखवा? की एवढंच म्हणू, की यापुढे तुमचं रिग चढायच्या आधी जमिनीवर मी बघणार, पायलट च्यूटपासून छातीच्या पट्ट्यापर्यंत, आणि तुम्ही उभं राहून बघू द्यायचं? हे शेवटचं मला सोपं वाटतं, म्हणूनच त्यावर माझा भरवसा नाही. आज मी आहे. ज्या रविवारी मी नसेन, त्या रविवारी कोण?

अरे हो, मुलगी चालायला लागली असं तू लिहिलं होतंस, आता पळत असेल. फोटो पाठव. नव्या जागी वरिष्ठ कसे आहेत? रिग विकू नकोस, नुसतं पडून असलं तरी चालेल. उंदीर मात्र लागू देऊ नकोस.

आता मूळ मुद्दा. मला तुझ्याकडून एक हवंय आणि ते दुसरं कुणीच देऊ शकत नाही.

तुझ्या तीनशे उड्या झाल्या होत्या आणि तू ती १२० चौरस फुटांची कॅनपी घेऊन आला होतास. जमिनीलगत ती दोन वळणं तू मारलीस तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून होतो, पण बोललो कुणीच नाही. मास्तर एकटे बोलले. तुला शेडच्या मागे घेऊन गेले, वीस मिनिटं. तू बाहेर आलास तो तांबडालाल, रिग गाडीत टाकलंस, आणि दोन वर्षं या ड्रॉपझोनला पाय लावला नाहीस. माझ्याशीसुद्धा धड बोलत नव्हतास. त्यांच्याच बाजूचा समजायचास मला, आणि होतोच मी. मग तिकडे तुझ्या डोळ्यांसमोर एका पोराची मांडी मोडली, त्याच मापाच्या कॅनपीखाली, तसल्याच वळणात. त्या रात्री तू मला फोन केलास आणि इतकंच म्हणालास की, मास्तरांनी मला जे सांगितलं ते इतर कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मी ऐकलं नसतं.

काय सांगितलं, ते तू कधी बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. आज विचारतोय. सुरुवात कशी केली? आधी बसवलं की उभ्याउभ्या? रागावून बोलले की हळू? तुझी उडी बंद करायची आणि तुला मात्र सोडायचं नाही, हे त्यांनी कोणत्या शब्दांत साधलं? आठवेल तसं, पण सगळं लिही. शनिवारी सकाळी पहिल्या लोडच्या आधी मी त्यांना शेडच्या मागे घेऊन जाणार आहे. त्याआधी पत्र पोचणार नाही असं वाटलं तर फोन कर, कितीही वाजलेले असोत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझाच