कूलरच्या भिंतीला वॉलपेपर नको

माननीय संपादक,
दिवाळी जवळ आली की 'एका दिवसात घराचा कायापालट' अशा वॉलपेपरच्या जाहिराती सुरू होतात. मी नागपुरात रंगकाम करतो. हल्ली दसऱ्यानंतर मला फोन येतात ते रंगाइतकेच आधी लावलेला वॉलपेपर काढायचे.

आपल्याकडे मार्च संपला की खिडकीत कूलर बसतो तो पाऊस लागेपर्यंत हलत नाही. त्या खिडकीखालची भिंत उन्हाळाभर शिंतोड्यांनी भिजते आणि लगेच पावसाळ्याची ओल चढते. साध्या डिस्टेंपरची भिंत ऑक्टोबरच्या उन्हात सुकते तरी. विनायल, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला वॉलपेपर म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोट, ओल आतच राहते. मनीषनगरातल्या एका फ्लॅटमध्ये नुसता कोपरा नखाने उचलला, तर कागदासोबत पुट्टीचा तळहाताएवढा पापुद्रा हातात आला. समोर गुलाबाची फुलं, मागे काळी बुरशी आणि कुबट वास. रीसेलचा फ्लॅट घेणाऱ्यांनी असा कोपरा उचलून बघायला मागावं. मालकाला राग आला तर येऊ द्या.

काढताना आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करा, कारण पाणी स्विचबोर्डात जातं. वरचा विनायलचा थर कोरडाच ओढून घ्या, त्यातून पाणी आत शिरत नाही. खालच्या कागदावर भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी स्पंजने लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग रुंद पत्ती आडवी धरून खरवडा. ओला हात फिरवल्यावर चिकचिक लागली तर गोंद शिल्लक आहे. तो पुसून काढला नाही तर नवा रंग सुटतो.

जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर मात्र पाणी बेतानेच. दोन कागदांच्या मधे जिप्सम, एवढाच तो बोर्ड. जास्त भिजला की फुगतो. वरचा कागद फाटला तर सुटी कड ब्लेडने कापा, सुकू द्या, प्रायमर मारा आणि मगच जॉइंटिंग कम्पाउंड, म्हणजे या बोर्डाचे जोड भरायचा तयार लगदा, भरा. फाटक्या कागदावर थेट ओला माल लावला की फोड येतात. मोठं भोक असेल तर चौकोनी कापून मागे लाकडी पट्टी द्या, नवा तुकडा स्क्रूने बसवा, जोडावर जाळीची टेप लावून जॉइंटिंग कम्पाउंडचे पातळ हात द्या. इथे सिमेंटची पुट्टी वापरू नका, दुकानदार काहीही म्हणो. पॉलिश पेपर मारताना तोंडाला मास्क हवाच.

हे सगळं ओलीचं मूळ बंद केल्यावर. शंका असेल तर भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल अजून आहे. तेव्हा भिंत उघडीच ठेवा, रंग दिवाळीनंतर लावू, असं मी सांगतो. ज्यांना धनत्रयोदशीपर्यंतच उरकायचं असतं, ते दुसरा पेंटर बघतात.

– एक पेंटर, नंदनवन, नागपूर