‘व’ आणि ‘किंवा’ यांतला फरक शिकवणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

साताऱ्याकडच्या पोरांनी कंदी पेढे आणायचं ठरवलं होतं, पण तुम्हाला साखर चालत नाही. म्हणून पत्र. आणि ते असं चारचौघांसमोर लिहितोय, कारण सांगलीत विश्रामबागला अभ्यासिकेत दर जूनला नवी मुलं येतात आणि नोकरीच्या जाहिरातींतल्या अटींबद्दल तेच प्रश्न घेऊन येतात. आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-नोंदी बघणाऱ्या शाखेत, आयुष्य काढलेल्या तुमच्यासारख्या माणसानं संध्याकाळी दोन-दोन तास बसून जे समजावलं, तेच आता आम्ही पुढच्यांना सांगतो. तर आभार नेमके कशाकशाचे, ते एकदा लिहूनच टाकावं.

पहिले आभार चार रकान्यांचे. तुम्ही म्हणायचा, अट वाचत बसू नका, अटीचा कागद शोधा. वहीत प्रत्येक अटीपुढे चार रकाने : कोणता कागद, कुणाच्या सहीचा, कोणत्या तारखेपर्यंतचा, आणि नसला तर अर्ज बाद की फक्त प्राधान्य गेलं. वीस-पंचवीस पानी जाहिरात अशी एका पानावर येते. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात. ‘आवश्यक’, ‘अनिवार्य’, ‘धारण करणे बंधनकारक’ असं लिहिलं असेल तिथे कागदाशिवाय काही चालत नाही. ‘वांछनीय’ किंवा ‘प्राधान्य देण्यात येईल’ असेल तर ते नसल्यानं कुणी अपात्र होत नाही. तरीही ‘अनुभव असल्यास प्राधान्य’ एवढं वाचून अर्ज न भरणारी मुलं दरवर्षी भेटतातच.

दुसरे आभार लाल पेन्सिलीतल्या कंसांचे. लिपिक-टंकलेखकाची अट घ्या. पदवी किंवा समतुल्य अर्हता (म्हणजे पात्रता), व मराठी टंकलेखन किमान ३० शब्द प्रतिमिनिट किंवा इंग्रजी टंकलेखन किमान ४० शब्द प्रतिमिनिट. वाक्य एका दमात वाचलं की डोक्यात ‘किंवा’ तेवढा राहतो. कंस घातले की वाक्य उभं राहतं : (पदवी किंवा समतुल्य) व (मराठी ३० किंवा इंग्रजी ४०). दोन्ही कंसांतलं एकेक तरी हवंच. आता इंग्रजी ३० चं प्रमाणपत्र घेऊन बसलेल्या मुलाला विचारा, तू कुठल्या कंसात? कुठल्याच नाही. इंग्रजीसाठी मागितलेत ४०, आणि ३० मागितलेत ते मराठीचे. ‘टायपिंग झालंय’ एवढ्यावर अर्ज भरला जातो आणि कागदपत्र पडताळणीत नाव कटतं. शिवाय टायपिंग इन्स्टिट्यूटनं दिलेला दाखला म्हणजे जाहिरातीत टंकलेखनासाठी मागितलेलं शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र नव्हे. ते पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं लागतं. एमएस-सीआयटी ही संगणक अर्हता, टंकलेखनाची नाही. तिचा रकाना वेगळा.

कंस दोन्ही बाजूंनी बसतील अशीही वाक्यं असतात. ‘स्थापत्य पदविका व दोन वर्षांचा अनुभव किंवा पदवी.’ इथे पदवीवाल्याला अनुभव लागतो की नाही? अशा वेळी वाद घालायचा नाही, पायऱ्या उतरायच्या. आधी क्रमांकन बघायचं. (अ), (ब) असे पोटभाग पाडले असतील तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं. मग त्याच जाहिरातीची इंग्रजी प्रत असेल तर ती शेजारी ठेवायची. मग त्या पदाची मागची जाहिरात. आणि सगळ्यात खाली मूळ झरा, म्हणजे राजपत्रात आलेले सेवाप्रवेश नियम, त्या पदाला कोण पात्र ते ठरवणारे. जाहिरात हा त्या नियमांचा उतारा असतो आणि उतारा करताना स्वल्पविराम गळतो, हे तुमच्याइतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. नियमाचा किंवा शासन निर्णयाचा दिनांक जाहिरातीत कुठेतरी असतोच. माहिती अधिकारात विचारू म्हणणाऱ्यांना तुमचं उत्तर ठरलेलं असायचं : त्यांना उत्तराला ३० दिवस, तुम्हाला अर्जाला पंधरा-वीस. त्यापेक्षा मदतकक्षाला ई-मेल करायचा, तोही ‘मी पात्र आहे का?’ असा नाही. ‘परिच्छेद अमुक, ओळ अमुक, यातील अनुभवाची अट पदवीधारकांना लागू आहे काय?’ असा. पहिल्या प्रश्नाला ‘जाहिरात काळजीपूर्वक वाचावी’ एवढंच छापील उत्तर येतं. फोनवर कुणी ‘चालतंय, भरा’ म्हणालं तर ते पडताळणीच्या टेबलावर चालत नाही.

‘त्याहून जास्त शिकलोय, मग प्रश्नच काय?’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. जम्मू-काश्मीरमधल्या एका तंत्रज्ञ भरतीत दहावी आणि आयटीआय मागितलं होतं, पदविकाधारकांनी अर्ज केले होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नियमात तशी तरतूद नसेल तर वरची अर्हता आहे म्हणून खालची आपोआप आहे असं धरता येत नाही. समतुल्य काय ते भरती करणाऱ्यानं ठरवायचं. त्यामुळे डिप्लोमा मागितलेल्या जागेला नुसती बी.ई. असेल तर नियमात ‘किंवा उच्च अर्हता’ हे शब्द आहेत का ते आधी बघायचं. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यानं ‘बारावी उत्तीर्ण’ वाचताना तसंच. मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून थेट पदवी घेतलेल्यांनी तर नक्कीच, कारण हातात पदवी असते आणि बारावीची गुणपत्रिका नसते. ‘समतुल्य’ शब्द दिसला की समतुल्यतेचा शासन निर्णय किंवा विद्यापीठाचं पत्र आपल्या फाईलला हवं. ते मिळवायचं काम उमेदवाराचं, कार्यालयाचं नाही.

टक्क्यांचंही तेच. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातली महाविद्यालयं सहायक प्राध्यापकाची जाहिरात देतात तेव्हा पदव्युत्तरला ५५ टक्के हवे असतात, राखीव प्रवर्गाला ५०. ५४.९ म्हणजे ५५ नव्हेत. ग्रेड पॉइंट असतील तर टक्के आपल्या मनानं काढायचे नाहीत, विद्यापीठाचं सूत्र जोडायचं.

वयाबद्दल थोडक्यात. राज्याच्या बऱ्याच जाहिरातींत कमाल वय खुल्याला ३८, मागासवर्गीयांना ४३ असतं. प्रश्न आकड्याचा नसतो, कोणत्या दिवशी मोजायचं याचा असतो. १५ मे १९८७ चा जन्म आणि वय १ जून २०२५ ला मोजायचं असेल तर वय ३८ वर्षं १७ दिवस. ‘मला अडतिसावं पुरं झालंय, एकोणचाळीस कुठे?’ हा हिशेब घरचा. ‘३८ पेक्षा जास्त नसावे’ म्हणजे वाढदिवसापर्यंत ठीक, दुसऱ्या दिवसापासून जास्त.

दाखल्यांत माणसं सगळ्यात जास्त अडकतात, कारण इथे सही, तारीख आणि नमुना तिन्ही बघावे लागतात. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, नुसतं असून भागत नाही, जाहिरातीत सांगितलेल्या तारखेला ते वैध लागतं. ३१ मार्चला संपणारं प्रमाणपत्र एप्रिलच्या जाहिरातीला कोरा कागद. लग्न झालेल्या मुलींच्या क्रीमीलेअरचा विचार आई-वडिलांच्या उत्पन्नावरून होतो, नवऱ्याच्या नाही. तलाठी कार्यालयात चुकीच्या गावी खेटे घालण्याआधी हे ठाऊक हवं. खुल्या प्रवर्गातल्या महिलांच्या राखीव जागेसाठी राज्यात नॉन-क्रीमीलेअरची अट मे २०२३ पासून नाही, तरी जुन्या जाहिरातीवरून तयारी करणाऱ्या मुली अजूनही त्यासाठी रांगेत दिसतात. राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. राज्यात एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आहे, केंद्राच्या अर्जात तो रकानाच नाही. आपल्याकडे कोयना आणि वारणा धरणांमुळे प्रकल्पग्रस्त घरं बरीच आहेत. त्यांना तुम्ही पहिलं विचारायचा, दाखल्यावर नाव कुणाचं? कुटुंबातल्या एकाच नामनिर्देशित व्यक्तीला त्याचा लाभ, आणि प्रमाणपत्र जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्याचं. आजोबांच्या नावाचा जुना कागद पिशवीत आहे म्हणून अर्जात ‘होय’वर टिक केली की पुढे सगळा अर्जच अडचणीत. जत-मिरजेच्या सीमेपलीकडच्या मुलांसाठी जाहिरातीत ८६५ गावांचं, म्हणजे कर्नाटकात असलेल्या पण महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या गावांचं, कलम असतं. ते अधिवासाच्या परिच्छेदात दडलेलं असतं, म्हणून नजरेतून सुटतं.

अनुभवाच्या अटीवर तुम्ही एक अख्खा रविवार घेतला होता, आणि तो सत्कारणी लागला. तीन गोष्टी. एक, अनुभव अर्हता मिळाल्यानंतरचा की आधीचाही चालेल? ‘अर्हता प्राप्त केल्यानंतरचा’ असेल तर निकालाच्या तारखेच्या आधीचे महिने सरळ वजा. दोन, कसला अनुभव? लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत घड्याळी तासिका, विद्यावेतन, अंशकालीन, विनावेतन, अतिरिक्त कार्यभार असला काळ मोजत नाहीत असं स्पष्ट असतं. महाविद्यालयात सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलेल्या माणसाला हे वाचून वाईट वाटतं, पण ते अर्ज भरण्याआधी वाटलेलं बरं. तीन, दाखल्यावर काय हवं : पदनाम, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन्ही तारखा, कामाचं स्वरूप, वेतन, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. ‘२०१९ पासून आमच्याकडे कार्यरत आहेत, वर्तणूक चांगली आहे’ असल्या दाखल्यातून दोन वर्षं मोजून काढता येत नाहीत. वर्तणूक कुणी विचारलेलीच नसते.

पगाराची ओळ. ‘एस-६ : १९९००-६३२००’ यात एस-६ हा वेतनस्तर, त्यापुढचा पहिला आकडा सुरुवातीच्या मूळ वेतनाचा, भत्ते त्यावर, वजावटी त्यातून. ‘एकत्रित मानधन’ आणि ‘११ महिने’ हे शब्द असतील तर जागा कंत्राटी, भत्ते नाहीत. शिक्षण सेवकाला, म्हणजे नव्यानं नेमलेल्या शिक्षकाला, पहिली तीन वर्षं मानधन, प्राथमिकला १६,०००. ‘विनाअनुदानित’ असेल तर पगार संस्थेच्या खिशातून येणार, शासनाच्या नाही. कधी आणि किती, हे मुलाखतीत तोंडावर विचारायचं.

कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या खासगी जाहिराती तुम्हाला फारशा आवडायच्या नाहीत. ‘यात नियमच नाही, वाचायचं काय?’ म्हणायचा. तरी सीटीसी, म्हणजे कंपनीचा एका माणसावरचा वर्षाचा एकूण खर्च, फोडून दाखवलात तुम्हीच, आणि तो कागद अजून भिंतीवर आहे. जाहिरात म्हणते वर्षाला २.४ लाख, म्हणजे मुलाच्या डोक्यात महिन्याला २०,०००. बेसिक १२,००० धरा. कंपनीचा पीएफचा हिस्सा १२ टक्के, १,४४०. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ५७७. बोनस ८.३३ टक्के, १,०००. ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) कंपनीचा हिस्सा ग्रॉसच्या, म्हणजे वजावटीआधीच्या पगाराच्या, ३.२५ टक्के, सुमारे ५३५. हे सगळं त्या २० हजारांतच मोजलेलं असतं. उरला ग्रॉस १६,४४८. त्यातून कामगाराचा पीएफ १,४४०, ईएसआयसी १२४, व्यवसाय कर २००. हातात १४,६८४. बाईला या पगारावर व्यवसाय कर नाही, तिच्या हातात २०० जास्त. बोनस वर्षातून एकदा, ग्रॅच्युइटी नोकरी सोडताना आणि तीही ठरलेली वर्षं भरली तर. कँटीन आणि बस कापत असतील तर ते आणखी खाली. म्हणून फोनवर पगार किती ते विचारायचं नाही. विचारायचं, ‘बेसिक किती आणि हातात किती?’

आयटीआयच्या मुलांसाठी आणखी एक. ‘ट्रेनी’ आणि ‘अप्रेंटिस’ एक नव्हेत. अप्रेंटिस १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली येतो, त्याला पगार नाही, विद्यावेतन असतं, आणि करार नोंदलेला असतो. ‘ट्रेनी’ म्हणजे काय ते नेमणूकपत्र बघितल्याशिवाय कळत नाही. ‘स्वतःची टू-व्हीलर व लायसन्स आवश्यक’ असेल तर काम ऑफिसात नाही, गावोगाव फिरायचं आहे. ‘फिक्स’ किती, ‘इन्सेंटिव्ह’ किती आणि पेट्रोल कुणाचं, हे तीन प्रश्न. ‘फिटर / टर्नर / ग्रॅज्युएट, अनुभवी / फ्रेशर’ असं सगळंच एका ओळीत असेल तर बहुधा ती कंपनीची नाही, माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराची जाहिरात. नेमणूकपत्र कुणाच्या लेटरहेडवर मिळणार ते आधी विचारा. आणि डिपॉझिट, ट्रेनिंग फी, गणवेशाचे पैसे आधी मागितले तर तिथेच फोन ठेवा.

अण्णा, एका बाबतीत मात्र आम्ही तुमचं ऐकलं नाही. शंका असेल तर अर्ज भरू नये, फी परत मिळत नाही, असं तुमचं म्हणणं. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत फी १,००० आणि ९०० रुपये होती. चार ठिकाणी भरली की घरचा किराणा गेला, हे खरं. पण आम्ही शंकेचे दोन ढीग केलेत. कमतरता आपल्या कागदात असेल, म्हणजे दाखलाच नाही, तारीख उलटलेली, वेग कमी, तर भरायचा नाही. घोळ जाहिरातीच्या वाक्यात असेल तर मदतकक्षाला पाठवलेल्या ई-मेलची छापील प्रत फाईलला लावून भरायचा, मात्र अर्जात खोट्यावर कुठेही टिक करायची नाही. तुम्हाला पटत नसेल तर रविवारी येऊन भांडा. चहा बिनसाखरेचा करू.

आपले नम्र,
अभ्यासिकेतली मुलं-मुली
विश्रामबाग, सांगली

ता. क. : वहीत पाचवा रकाना वाढवलाय, ‘शुद्धिपत्रक’. पदसंख्या, मुदत, कधीकधी अर्हताही शुद्धिपत्रकानं बदलते. म्हणून संकेतस्थळ अर्ज भरायच्या दिवशी एकदा आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी एकदा बघायचं, आणि बघितल्याची तारीख रकान्यात टाकायची.