हजारामागे पाच

रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझं दिवाळीचं पत्र टेबलाच्या काचेखाली आहे. त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून मी हल्ली वह्या स्वयंपाकघरात तपासतो. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मला हे सलग सांगायचंय. प्रकृती ठीक. शुगर आहे तिथे आहे, हिची मान अधूनमधून धरते, नानांना हवं तेवढंच ऐकू येतं.

माझी बदली झाली. पोर्टलवर नाव आलं, गाव बरं आहे, रस्ता डांबरी आहे, त्याचं काही नाही. अडलंय चार्ज देण्यात. आणि चार्ज कशावरून अडावा, तर ग्रंथालयावरून. हसलास ना, ग्रंथपालसाहेब? मला माहीत होतं.

तू पाहिलेली ती खोली, तांदळाच्या पोत्यांच्या शेजारची, आठवतेय का? लोखंडी कपाट उघडून तू म्हणाला होतास की इथल्या पुस्तकांना अजून कुणाचा हात लागलेला नाही. खरंच होतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात आणि खण बंद. पुस्तक फाटलं तर जबाबदार कोण, या एका प्रश्नावर आपल्याकडच्या निम्म्या शाळांची कपाटं बंद असतील. त्यावर तू मला तुमच्या ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांचा १९३१ चा पहिला नियम ऐकवलास, पुस्तकं वापरासाठी असतात म्हणून. जेवताना ऐकवलास आणि आमटी निवली.

त्याच कपाटाच्या खालच्या खणात तो खोका होता. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून आलेला, पोरांनी विजेची जोडाजोडी करायच्या सामानाचा. नारळ फुटला, फोटो निघाले. तेव्हाच्या सरांनी खोक्यातली यादी समोर ठेवून अख्खी जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, उतरवली. लोखंडी टेबल, घंटा, वजनकाटा, आणि त्यांच्याखाली सुंदर अक्षरात: एलईडी दिवे, लहान, नग २००. मोटार, लहान, नग २०. मेकी मेकी बोर्ड, नग ४. हे दिवे आणि मोटारी खर्चिक वस्तूंच्या वहीत गेल्या असत्या तर आज मी झोपलो असतो. खडू कुणी परत मागतं का?

किल्ली माझ्याकडे आली तशी मी दोन्ही खण उघडे टाकले. ग्रंथालयाच्या तासाला परीक्षा नाही, निकालपत्रकात रकाना नाही, म्हणून कुणाचं लक्षही नाही. शाळेत एवढी मोकळी जागा दुसरी कुठे मिळणार? तू म्हणाला होतास की ग्रंथालयात डिंक आला की तू राजीनामा देशील. बंड्या, डिंक आला, कात्री आली, पत्रावळ्या आल्या. तू तेव्हाच राजीनामा दिलेला बरा.

मेकी मेकी म्हणजे काय हे तुझ्या डोक्यात बसेपर्यंत सांगतो. बोर्ड लॅपटॉपला जोडायचा. एक वायर आपल्या हातात, दुसरी कशालाही. त्या वस्तूला बोट लावलं की सर्किट पुरं होतं आणि लॅपटॉपला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. केळं चालतं. म्हणून केळी आणली, ती पोरांनी खाल्ली. मग आपल्याकडे काय, तर कांदा. कांदा चाललाच नाही. मी म्हटलं बोर्ड गेला. तिसरीतली एक पोरगी, धनगरवाड्यावरची, वर्गात एरवी तोंड उघडत नाही. तिनं कांद्याची वरची वाळकी साल काढली, वायर आतल्या ओल्या पापुद्र्यात खुपसली आणि माझ्याकडे न बघता बोट लावलं. आवाज आला. मग ती म्हणाली, "वाळलेलं ऐकत न्हाय, वलं ऐकतं."

त्यानंतर आठवडाभर शाळेतली एकही वस्तू सुटली नाही. ओली माती चालते, कोरडी नाही. भाकरी गरम असताना चालते, दुपारची खडखडीत झाली की नाही. पोरांनी हाताला हात धरून अख्ख्या वर्गाची साखळी केली तरी चालतं. वेफर्सचं पाकीट आतून चकाकतं पण चालत नाही, डब्यातल्या पोळीचा फॉइल मात्र चालतो. का, म्हणून विचारलं तेव्हा मलाही शोधावं लागलं: त्या पाकिटातला धातूचा थर दोन प्लास्टिकांच्या मधे दडलेला असतो, बोट त्याला लागतच नाही. या भानगडीत चौथीच्या पोरांनी तुझ्या त्या अस्पर्श कपाटातून विजेवरची तिन्ही पुस्तकं बाहेर काढली. सगळीच पोरं पुस्तकाकडे वळली असं मी म्हणणार नाही, नाहीतर तू नोंदी मागशील. दोघं-तिघं अजून ढुंकून बघत नाहीत, त्यांना फक्त स्क्रू काढायला आवडतं.

मग नकाशा झाला. पुठ्ठ्यावर गाव काढलं, ठिकठिकाणी फॉइलचे ठिपके, आणि लॅपटॉपवर स्क्रॅचमध्ये, म्हणजे पोरांच्या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक ठिपक्याला एक आवाज. देवळाच्या ठिपक्याला काकडआरती, ओढ्याला ओढा. माळाच्या ठिपक्याला त्या पोरीनं आजीची हाळी आणली, मेंढरांना घालतात ती. बालआनंद मेळाव्यात म्हातारी स्वतः आली, ठिपक्याला बोट लावलं, आपलाच आवाज ऐकला आणि म्हणाली, "येवढी खरखर न्हाय माजी." दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायला लावलं. सरपंचांचं भाषण चालू असताना.

आता मूळ दुखण्यावर येतो. दोनशे एलईडींपैकी ६१ उरले आहेत. वीस मोटारींपैकी ८. एका बोर्डाचा यूएसबीचा भाग उचकटलाय. एलईडी जळतात, बंड्या. तीन व्होल्टच्या बटण-सेलवर छान लागतात, पण नऊ व्होल्टची बॅटरी दिसली की पोरगं ती लावणारच, आणि मधे प्रवाह आवरणारा रेझिस्टर नसेल तर दिवा टपकन मरतो. दोन-चार मेले की पोरगं विचारतं, मधे काय घालायचं? हा प्रश्न मी फळ्यावर पाच वर्षं लिहिला असता तरी कुणी विचारला नसता. मोटारींचं म्हणशील, तर आतमध्ये काय आहे हे बघायला उघडल्या, आणि मग आम्ही टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या पद्धतीची साधी मोटार केली. तांब्याच्या तारेचं वेटोळं, खाली चुंबक, दोन सेफ्टी पिना. तारेच्या एका टोकाचं लाखेचं आवरण पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याच्या एका बाजूला राखायचं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं थरथरतं आणि थांबतं. अर्धा फेरा वीज बंद राहिली तरच ते फिरत राहतं. दुसऱ्या टोकाला लाख राखायची हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. पहिल्या पोराचं फिरलं तेव्हा त्यानं जी शिवी हासडली ती ऐकून मी खिडकीबाहेर बघितलं.

चार्ज घ्यायला आलेला पोरगा चांगला आहे, पहिलीच बदली. नोंदवही घेऊन बसला, एकेक नग मोजला. "सर, १३९ दिवे?" जळाले. "कशानं?" शिकण्यानं म्हणायची सोय नव्हती, म्हणून म्हटलं बॅटरीनं. तो म्हणाला, माझ्या पगारातून वसुली निघेल, जुळल्याशिवाय सही करणार नाही. त्याचं काय चुकलं सांग. मी त्या वयात तेच केलं असतं. तू तर केलंच होतंस, वसतिगृहाच्या गादीवरून.

बाईंचं, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचं, म्हणणं सोपं आहे. पुण्याला जा, तपकीर गल्लीत दिवे आणि मोटारी स्वस्तात मिळतात, आणून खोका भरा, बोर्डाचं बघू. हीसुद्धा तेच म्हणते, "भरून टाका आणि मोकळे व्हा, आयुष्यभर एका डब्याचा वाद घालणार का?" पैशाचा प्रश्न नाही रे. पण मी खोका भरला की वहीत काय राहील? सगळे नग सुस्थितीत. म्हणजे या खोलीत कुणी काही केलंच नाही. आणि तो पोरगा पहिल्याच दिवशी शिकेल की खोका पूर्ण ठेवणं म्हणजे खोका सांभाळणं. मग किल्ली परत खणात. झोप उडालीय ती एवढ्यापुरती.

तुला पाबळ आठवतं का? डी.एड.च्या सुट्टीत आपण एसटीनं गेलो होतो, तुला मस्तानीची कबर बघायची होती आणि मला विज्ञान आश्रम. कबरीपाशी तू पाच मिनिटं थांबलास आणि आश्रमात चार तास. पोरांनीच बांधलेले ते घुमट बघून तू म्हणालास, याच्याखाली ग्रंथालय काय दिसेल! इलिनॉयहून पीएच.डी. घेतलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातला कलबागांसारखा माणूस १९८३ साली या माळावर येऊन पोरांना वेल्डिंग शिकवत बसतो, हे तुला तेव्हा वेड वाटलं होतं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवायची कार्यशाळा, तिथेच आली. पण कलबागांचा शाळांसाठीचा अभ्यासक्रमसुद्धा आठवीपासून. शाळेत वस्तू करून बघायच्या अटल टिंकरिंग लॅबला सरकारनं वीस लाखांपर्यंत दिले, तीही सहावीपासून. उलट कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालवाडीच्या पोरांना पानं, खडे, बिया देत होत्या. म्हणजे सहा वर्षांपर्यंत हात मोकळे, सहावीत पुन्हा हात फुटतात, आणि मधली पाच वर्षं पोरानं हाताची घडी घालून बसायचं. माझी शाळा नेमकी त्या पाच वर्षांची आहे. नवा माणूस कुलूप लावेल तर त्याला कुणी विचारणारही नाही, कारण आमच्याकडून कुणी काही मागतच नाही.

म्हणून मी निर्लेखनाचा, म्हणजे गेलेले नग वहीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव टाकायचं ठरवलंय. खरा, कारणासकट. आणि इथे तू लागतोस. कारणाच्या रकान्यात लोक काय लिहितात ते मी जुन्या फायलीत बघितलं: गंजले, मोडले, वाळवीने खाल्ले. वाळवीनं खाल्लं तर निर्लेखन, पोरांनी खाल्लं तर वसुली! तुझ्या त्या चिंध्या झालेल्या किशोर मासिकांच्या वेळी लेखापरीक्षकासमोर तू देवघेवीच्या चिठ्ठ्यांचा ढीग मांडला होतास आणि केंद्र सरकारच्या वित्तीय नियमातलं कलम वाचून दाखवलं होतंस, हजार पुस्तकं वाचायला दिली तर पाच हरवणं वाजवी, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. तो नियम जिल्हा परिषदेला लागू नाही हे त्याला माहीत होतं, तुलाही माहीत होतं, तरी त्यानं सही केली. त्या प्रस्तावाची भाषा मला हवी. हजारामागे पाच मोटारी असं मी मागू शकत नाही, माझं प्रमाण फारच वाईट आहे, पण चिठ्ठ्यांच्या जागी माझ्याकडे पोरांच्या वह्या आहेत. कोणता दिवा कुणी, कशावर जाळला, तारखेसह. कांद्याची तर स्वतंत्र वही आहे.

आणि हो, तुझा रेडिओ मी उघडला तेव्हा तो आधीच बंद होता. या विषयावर मी आजही माघार घेणार नाही.

चिऊचं अॅडमिशन झालं का? काकूंच्या डोळ्याचं काय ठरलं? तू म्हणे वरच्या मजल्याचं काम काढलंयस, गवंडी कोण आहे ते कळव, लंब्याच्या मेहुण्याला देऊ नकोस. वहिनींना नमस्कार. लंब्या भेटला होता, दोनशे रुपये अजून देणं आहे म्हणतो, कुणी कुणाला ते मी विचारलं नाही.

प्रस्ताव शुक्रवारपर्यंत पाठव. पुढच्या सोमवारी केंद्रप्रमुख येणार आहेत आणि त्या पोरालाही मी समोर बसवणार आहे. सही त्याचीही हवी मला, पण सगळं वाचून केलेली.

तुझा,
बापू

ता. क. उरलेल्या आणि गेलेल्या वस्तूंच्या यादीची झेरॉक्स सोबत आहे. यादी पोरांनी केलीय, म्हणून अनुक्रमांक ३७ पुढे "पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर, शेळीने खाल्ला" असं आहे. चौकशी केली. ट्रॅक्टर खरंच खाल्ला. मोटार मात्र गोठ्यात सापडली, फिरतेय, तेव्हा मोटारी आठच्या नऊ कर.