नारळ द्यायचाच, तर तो केव्हा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एखादा फुटबॉल क्लब सलग चार-पाच सामने हरला की चाहत्यांमध्ये एकच वाद पेटतो: मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, ठेवायचं की नारळ द्यायचा? आपल्या क्रीडा पानावरील वाचकांची पत्रंही याला अपवाद नसतात. ‘ठेवा’ म्हणणारे इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन यांचं नाव घेतात, ‘काढा’ म्हणणारे तिथल्याच चेल्सी क्लबकडे बोट दाखवतात. उदाहरणं दोन्ही खरी आहेत, पण सांगताना दोन्ही सोयीच्या जागी तोडली जातात.

फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे क्लबच्याच मैदानावर, ‘तीन वर्षं सबबीच ऐकतोय’ अशा अर्थाचा फलक झळकला. जानेवारी १९९० मध्ये एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत मार्क रॉबिन्सच्या गोलवर नॉटिंगहॅम फॉरेस्ट हरलं, पुढे कप आला आणि १९९३ मध्ये लीगही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. युनायटेडने १९८९-९० च्या हंगामासाठी पॅलिस्टर, इन्स, वेब असे मोठे खेळाडू नव्याने घेतले होते आणि त्यातल्या नील वेबचा घोट्याजवळचा स्नायुबंध सप्टेंबरमध्येच तुटला होता, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणजे घसरणीला दिसण्याजोगं कारण होतं. शिवाय धीर धरून ठेवलेले आणि संघासकट खालच्या श्रेणीत गेलेले मॅनेजर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. नॉरिचने २०१९-२० मध्ये डॅनियल फार्केंना शेवटपर्यंत ठेवलं. संघ २१ गुणांवर तळाला राहिला आणि खाली गेला. पुढच्याच हंगामात फार्केंनी तो संघ वर आणला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रेंटफर्डवर हंगामातला पहिला विजय मिळवल्यानंतर काही तासांतच त्यांना घरी पाठवलं गेलं! धीराची गोष्ट सांगणाऱ्यांनी हे प्रकरण कुठल्या खात्यात टाकायचं ते ठरवावं.

चेल्सीचंही तसंच. मार्च २०१२ मध्ये व्हियास-बोआस गेले, डी मॅटेओ आले आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डच्या जागी टुखेल आले, मे महिन्यात पुन्हा तोच करंडक. पण त्याच क्लबने एप्रिल २०२३ मध्ये पॉटरना काढून लॅम्पार्डना हंगामापुरतं बोलावलं तेव्हा ११ सामन्यांत एक विजय हाती लागला आणि संघ १२व्या स्थानावर थांबला. क्लब तोच, उपाय तोच, फळ उलटं.

तेव्हा नावं फेकून हा वाद सुटत नाही. आधी बघायचं ते हे, की संघ खरोखर वाईट खेळतोय की नुसते निकाल वाईट लागताहेत. त्यासाठी ‘अपेक्षित गोल’, म्हणजे एक्सजी हा आकडा आता सर्वांना उपलब्ध आहे. प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता ० ते १ मध्ये मांडतात. पेनल्टी साधारण ०.७८ ची, तीस मीटरवरून मारलेला फटका जेमतेम ०.०३ चा. शेवटचे १० ते १२ लीग सामने घ्या, पेनल्ट्या वगळा, लाल कार्डामुळे लवकर एकतर्फी झालेले सामने बाजूला ठेवा, आणि आपल्या एक्सजीतून प्रतिस्पर्ध्याचा वजा करा. सामन्यामागे फरक शून्याच्या आसपास असेल आणि तरी संघ हरत असेल, तर दोष बहुधा फटके वाया घालवणाऱ्या आघाडीचा, ढिल्या गोलरक्षकाचा किंवा नशिबाचा. असा संघ सहसा आपोआप सावरतो. फरक दहा सामने उणे ०.५ च्या खाली असेल, तर मात्र आजार खरा आहे, मग मधूनच एखादा सामना जिंकला तरी हुरळून जाऊ नये.

यात एक फसगत हमखास होते. मागे पडलेला संघ शेवटची अर्धी वेळ चेंडू मारत सुटतो, आघाडीवरचा संघ मागे सरून बसतो, आणि हरणाऱ्याचा एक्सजी फुगतो. म्हणून बरोबरी असतानाच्या मिनिटांतला फरक वेगळा पाहावा. ‘आमचे २० फटके होते, त्यांचे सहा’ हा पत्रकार परिषदेतला लाडका युक्तिवाद बहुतेकदा इथेच गळून पडतो. पाच सामने तर कधीच पुरत नाहीत. त्यातले तीन अव्वल संघांशी असले तर ते आकडे मॅनेजरपेक्षा वेळापत्रकाबद्दल जास्त सांगतात.

आर्सेनलचा ऑगस्ट २०२१ आठवा. तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही, गुणतक्त्यात तळ. मॅनेजर आर्टेटांनी जावं असा एकच गलका होता. पण त्यातले दोन सामने कुणाशी? युरोपविजेत्या चेल्सीशी आणि लीगविजेत्या मँचेस्टर सिटीशी. ब्रेंटफर्डविरुद्धच्या पहिल्या सामन्यात ओबामेयांग आणि लाकाझेट हे दोघेही आघाडीपटू नव्हते. नवा गोलरक्षक रॅम्सडेल आणि उजवा बचावपटू टोमियासू यांनी तोवर आर्सेनलकडून लीगमध्ये पाऊलही टाकलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये ते दोघे नॉरिचविरुद्ध उतरले, १-० ने गाडी रुळावर आली, हंगाम पाचव्या स्थानावर संपला आणि त्याच्या पुढच्या वर्षी संघ दुसरा आला. ऑगस्टमधले निकाल खोटे नव्हते, पण त्यावरून मॅनेजरबद्दल काही ठरवण्याजोगं हाती नव्हतं.

आकड्यांनंतर डोळे. मैदानावर किंवा टीव्हीवर चेंडूचा नाद थोडा सोडून तीन ठिकाणी पाहावं. पहिलं, चेंडू गमावल्यावरचे पाच सेकंद. पुढचे तिघे दबाव टाकायला धावतात आणि मधली फळी जागची हलत नाही, असं वारंवार दिसलं तर संघाला दिलेली सूचनाच दोन अर्थांची आहे, किंवा निम्म्या संघाने ती ऐकणं सोडलंय. पुढची फळी वर आणि बचावफळी भीतीने खाली, मध्ये तीस-पस्तीस मीटरचं मोकळं रान. प्रतिस्पर्ध्याचा एक सरळ पास तिथे पोचला की चार बचावपटू उलटे धावताना दिसतात. दुसरं, गोल कसा खाल्ला. तीन सामन्यांत तीन वेगळ्या चुका झाल्या तर ते खेळाडूंचं. एकाच तऱ्हेचा गोल, उदाहरणार्थ कॉर्नरवर लांबच्या खांबापाशी मोकळा राहिलेला माणूस, चौथ्यांदा झाला तर सराव घेणाऱ्यांचं. तिसरं, बदली. संघ मागे असताना पहिली बदली ७५व्या मिनिटाला होत असेल, किंवा दर वेळी खेळाडू बदलतो पण रचना तसूभर बदलत नाही, तर बाकावर उपाय संपलेत.

‘ड्रेसिंग रूम हातची गेली’ हे वाक्य मात्र जरा जपून वापरावं. आतली गोष्ट बाहेरच्याला कळत नाही आणि बातम्या पुरवणाऱ्या एजंटांचे हिशेब वेगळे असतात. मागे धावण्याची तयारी मात्र लपत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची बाब, आणि चाहत्यांच्या वादात ती जवळजवळ येतच नाही: कॅलेंडर. खेळाडूंची खरेदी उन्हाळ्यात आणि जानेवारीतच करता येते. मॅनेजरवरचा विश्वास उडालाय, तरी खरेदीची ही खिडकी (म्हणजे मुदत) उघडी असताना त्याला त्याच्या पसंतीचे खेळाडू घेऊ द्यायचे आणि खिडकी बंद झाल्यावर त्याला काढायचं, यासारखा महागडा मूर्खपणा नाही. युनायटेडने जुलै २०२४ मध्ये मॅनेजर टेन हाग यांचा करार वाढवला, डी लिख्त, झिर्क्झी, मझरावी, उगार्ते वगैरे घेतले आणि ९ सामन्यांत ११ गुण झाल्यावर २८ ऑक्टोबरला त्यांना काढलं. त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप देण्याचा खर्च सुमारे १ कोटी ४ लाख पौंड, शिवाय त्यांच्या जागी आमोरिम यांना सोडवून आणण्यासाठी त्यांच्या आधीच्या स्पोर्टिंग क्लबला दिलेले पैसे वेगळे. आमोरिम यांची रचना तीन बचावपटू आणि दोन विंग-बॅकची. संघात भरणा होता तो चार बचावपटूंपुढे खेळणाऱ्या विंगरांचा, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्यांचा. विंग-बॅकला संपूर्ण कड वर-खाली एकट्याने सांभाळावी लागते, ती दमसास आणि बचावाची सवय विंगरकडे नसते. तो हंगाम ४२ गुण, १८ पराभव आणि १५व्या स्थानावर संपला. इथे नवा मॅनेजर चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. त्याच्या हाती दुसऱ्याच्या मापाचे कपडे दिले होते.

क्रिस्टल पॅलेसने २०१७ मध्ये हीच चूक उलट्या बाजूने केली. फ्रँक डी बुर यांना आणलं ते खेळाची शैली बदलायला, पण संघ ठेवला प्रतिहल्ल्याच्या खेळाचा. चार लीग सामने, चार पराभव, शून्य गोल, आणि सप्टेंबरमध्ये हकालपट्टी. खरेदीची खिडकी दीड आठवड्यापूर्वी बंद झालेली. हॉजसन आले आणि तेही पहिले तीन लीग सामने गोलशून्य हरले. मग त्यांनी दोन चार-चारच्या घट्ट रांगा लावल्या, ऑक्टोबरमध्ये विजेत्या चेल्सीला २-१ ने हरवलं आणि संघ ११वा आला. हॉजसन चालले, कारण हातात होता त्या संघाला शोभेल असाच खेळ त्यांना येत होता. म्हणजे मधल्या काळात बदल करायचाच तर तो संघाच्या ठेवणीकडे परत नेणारा हवा. लेस्टरने फेब्रुवारी २०१७ मध्ये मॅनेजर रानिएरींना काढलं तेव्हा २०१७ मध्ये लीगमध्ये त्यांचा एकही गोल नव्हता. त्यांच्या जागी आलेल्या शेक्सपिअर यांनी नवं काहीच आणलं नाही. विजेतेपदाच्या वर्षातली रचना, बहुतेक तीच माणसं, आघाडीपटू वार्डीच्या पुढे लांब चेंडू, एवढंच. पहिले पाचही लीग सामने जिंकले आणि १२वं स्थान मिळालं. (त्याच शेक्सपिअर यांना ऑक्टोबरमध्ये काढण्यात आलं, हा भाग वेगळा.)

नव्या मॅनेजरबरोबर येणाऱ्या उसळीबद्दलही थोडं. बाकावर कुजलेले खेळाडू नव्याने जीव तोडून सराव करतात, सूचना सोप्या होतात, बचाव घट्ट होतो. चार-सहा सामने याचा फायदा दिसतो, नाकारायचं कारण नाही. पण हकालपट्टी नेहमी तळाशी होते, आणि तळापासून पुढची वाट बहुतेकदा वरच जाते. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ मधल्या डच लीगचा अभ्यास करताना तेवढीच घसरण होऊनही मॅनेजर न बदललेले क्लब शेजारी ठेवून पाहिले. तेही तितकेच सावरले होते. सरासरी तशी सांगते. तुमचा क्लब सरासरी आहे का, हे वरच्या आकड्यांवरून ठरवावं लागतं, अभ्यासाच्या निष्कर्षावरून नाही.

उसळीच्या आशेवर पुन्हा पुन्हा फासे टाकणाऱ्यांचं काय होतं ते साउदॅम्प्टनने २०२२-२३ मध्ये दाखवलं. ज्या मॅनेजर हासेनह्युट्ल यांना दोन वेगवेगळ्या हंगामांत ०-९ असे पराभव होऊनही ठेवलं होतं, त्यांना नोव्हेंबरमध्ये काढलं. नेथन जोन्स आले आणि १४ सामन्यांत गेले. मग सेलेस. संघ तळाला. लीड्सनेही त्याच हंगामात मार्श, ग्रासिया, अॅलार्डाइस असे तिघे वापरले आणि तेही खाली गेले. दर नव्या माणसाला सराव बसवायला चार-पाच आठवडे लागतात. आठवड्यात दोन सामने असतील तर खऱ्या सरावाचे दिवस दोनच उरतात.

उलट, मोहन बागानने जानेवारी २०२४ मध्ये हुआन फेरांडो यांना निरोप देऊन अँटोनियो हबास यांना आणलं आणि एप्रिलमध्ये इंडियन सुपर लीगमध्ये गुणतक्त्यात अव्वल राहून लीग शील्ड जिंकली. हबास यांना क्लब आणि तिथले बरेचसे खेळाडू आधीपासून ठाऊक होते. अनोळखी मोठ्या नावापेक्षा ओळखीचा मध्यम माणूस मोसमाच्या मध्यात जास्त उपयोगी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा ‘काढा’ म्हणणाऱ्यांनी सोबत दोन उत्तरं तरी द्यावीत: आज मोकळा कोण आहे आणि तो हाच संघ कसा खेळवेल. चांगले मॅनेजर नोव्हेंबरमध्ये सहसा कुणाच्या तरी कराराखाली असतात. त्यांना सोडवायचं म्हणजे दोन्हीकडे भरपाई, सोबत चार-पाच सहायकांचा ताफा. मॅनेजर कोंतेंना काढणं चेल्सीला कोर्टकज्ज्यासह २ कोटी ६६ लाख पौंडांना पडलं. त्या पैशात एक बरा बचावपटू आला असता. आणि ‘ठेवा’ म्हणणाऱ्यांनी सांगावं की खेळाडू निवडतो कोण. बहुतेक क्लबांत ते काम आता क्रीडा संचालकाकडे असतं. एकामागून एक तीन मॅनेजर त्याच मधल्या फळीवर आपटत असतील तर फलक कुणाच्या नावाचा हवा हे उघड आहे, पण संचालक मैदानाच्या कडेला उभा राहत नाही, म्हणून शिव्या त्याच्या वाट्याला येत नाहीत.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती. गुणतक्ता छापता त्याच्याच शेजारी प्रत्येक संघाचा मागच्या दहा सामन्यांतला पेनल्टी वगळून एक्सजी फरक, जायबंदी खेळाडूंची संख्या आणि पुढच्या पाच प्रतिस्पर्ध्यांची नावं द्यावीत. चार ओळींची जागा लागेल. हंगामाच्या मध्यात येणाऱ्या पत्रांपैकी निम्मी तरी मग वेगळ्या सुराची येतील.

कळावे,
आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक