प्रवेशमार्गाची सवलत कुंपणाच्या आतच असावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातील एरंडवणे, कर्वेनगर, सहकारनगर यांसारख्या भागांत जुने बंगले आणि लहान सोसायट्या पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. घरटी एखादी दुचाकी असे अशा काळात आखलेल्या या भूखंडांवर आजच्या नियमांप्रमाणे वाहनतळ आणि तिथे जाणारा प्रवेशमार्ग बसवणे अवघड जाते, म्हणून सामासिक अंतरात (इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यात सोडायच्या मोकळ्या जागेत) किंवा मार्गाच्या रुंदीत सवलत मिळावी असे अर्ज घरमालक करतात. त्यांची अडचण खरी आहे. एका मोटारीला २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा लागते, आणि ती वळवून आत घ्यायची तर अरुंद भूखंडावर एकेका फुटाचा हिशेब करावा लागतो.

राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये लागू केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अशा प्रसंगांचा विचार आहे. अडचण दाखवून देता येत असेल, तर कारणे लेखी नोंदवून मोजमापांत सवलत देता येते. मात्र तिच्यामुळे इमारतीतील रहिवाशांच्या आणि परिसराच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा अग्निसुरक्षेला बाधा येता कामा नये. माझे म्हणणे यातील ‘परिसरा’विषयी आहे.

इमारतीत पाणी शिरू नये म्हणून वाहनतळाचा मजला रस्त्यापेक्षा उंच घेतला जातो. तो ६० सेंटिमीटर उंच असेल आणि वाहनांच्या उतारासाठी १:८ हे प्रमाण (एक मीटर उंचीला आठ मीटर लांबी) धरले, तर उताराची लांबी ४.८ मीटर होते. समोरचे सामासिक अंतर ३ मीटरच असेल, तर उरलेले १.८ मीटर कुंपणाबाहेर पदपथावर येतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची किमान मोकळी रुंदीही १.८ मीटरच असावी लागते. म्हणजे एका घराची सोय करताना त्या घरासमोरचा पदपथ पूर्ण संपतो. पुढच्या घरासमोर तेच होते आणि पादचारी, विशेषतः काठी टेकत चालणारी वृद्ध माणसे आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती, भर रहदारीत उतरतात. शिवाय काँक्रीटच्या या उतारांखाली पावसाळी गटारांची तोंडे बुजतात, आणि ज्या पाण्याच्या धास्तीने जोते उंच केले तेच पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते.

पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारले आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर अडथळामुक्त आणि दिव्यांगांनाही वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. हे लक्षात घेता, आपल्या भूखंडातील अंतर कमी करून मागणे आणि सर्वांच्या पदपथावर उतार बांधणे या दोन मागण्यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. पहिलीचा विचार सहानुभूतीने व्हावा, दुसरी अर्जातच नाकारली जावी. आत येण्यासाठी एक आणि बाहेर पडण्यासाठी दुसरे, अशा दोन फाटकांच्या मागणीलाही लहान भूखंडांवर हाच न्याय लागू करावा, कारण प्रत्येक नव्या फाटकागणिक पदपथ आणखी एका ठिकाणी तुटतो.

यावर मार्ग आहेत. शेजारच्या दोन भूखंडांचे प्रत्येकी १.५ मीटरचे बाजूचे अंतर एकत्र केले, तर मधली भिंत काढून ३ मीटरचा सामाईक प्रवेशमार्ग मिळतो. दोन्ही मालकांनी नोंदणीकृत करार केला आणि अग्निशमन दलाची हरकत नसली, तर अशा प्रस्तावांना सवलतीत प्राधान्य का देऊ नये? शेजाऱ्यांनी एकत्र येण्याला त्यामुळे उत्तेजनच मिळेल. उंचीतला फरकही भूखंडाच्या आतच मिटवावा. पदपथ फाटकासमोरून त्याच पातळीवर सलग जावा आणि वाहनाने तो ओलांडावा. ज्येष्ठांना सर्वाधिक त्रास होतो तो दर दहा पावलांवरच्या चढउतारांचा, हे मी रोज अनुभवते.

सवलतीची लेखी कारणे फायलीत न राहता नकाशासह संकेतस्थळावर यावीत, आणि लगतच्या रहिवाशांना निर्णयापूर्वी म्हणणे मांडण्यासाठी १५ दिवस मिळावेत. तसेच भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) देण्याआधी फाटकासमोरच्या पदपथाची पातळी जागेवर मोजून तिची नोंद त्या प्रमाणपत्रातच व्हावी, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत प्रशासनाला विनंती आहे.

— एक ज्येष्ठ नागरिक, एरंडवणे, पुणे