सुमे, बुरानोला जाशील तेव्हा

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, जहाज व्हेनिसला लागलं की कंपनीची सहल घ्यायची की आपलं आपण फिरायचं? तेव्हा घाईत होते, म्हणून ‘आपलं आपण’ एवढंच बोलले. आज सविस्तर लिहिते. क्रोशाची सुई हातात धरायला मला तूच शिकवलंस, त्यामुळे लेससाठी नावाजलेल्या, व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर पाय ठेवल्यापासून परत निघेपर्यंत माझ्या मनात तूच होतीस.

आधी बंदराचं सांगते, कारण तिथेच गोंधळ होतो. ऑगस्ट २०२१पासून मोठी जहाजं व्हेनिसच्या मुख्य चौकासमोरून, म्हणजे सान मार्कोसमोरून, जाऊ शकत नाहीत. आमचं जहाज मारघेराच्या औद्योगिक बंदरात लागलं आणि तिथून बसनं पियात्झाले रोमाला, म्हणजे व्हेनिसच्या बसस्थानकाच्या चौकात, यावं लागलं. पाचला जहाजावर परतायचं होतं. सहलीला गेलेल्यांना उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण स्वतंत्र गेलो तर आपल्यासाठी कुणी थांबत नाही. म्हणून मी वेळापत्रक शेवटाकडून मांडलं: पाचला जहाज, म्हणून चारला बस, म्हणून साडेतीनला पियात्झाले रोमा. मग उरलेल्या वेळात काय बसतं ते पाहिलं.

तिथल्या सार्वजनिक बोटीला व्हापोरेत्तो म्हणतात. एकेरी तिकीट साडेनऊ युरोचं, ७५ मिनिटं चालणारं. २४ तासांचं २५ युरोचं. बुरानोला जाणं, तिथून काचेसाठी प्रसिद्ध मुरानो बेट आणि मग परत, असे तीन टप्पे धरलेस तरी एकेरीचे साडेअठ्ठावीस होतात. तेव्हा दिवसाचंच काढ. बोटीत चढण्याआधी यंत्राला लावायला विसरू नकोस, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

दुसरं, लांबचं बेट आधी. फोंदामेन्ते नोवेच्या धक्क्यावरून १२ नंबरची बोट निघते. मुरानो दहाएक मिनिटांवर, बुरानो पाऊण तासावर. बहुतेक लोक मुरानोलाच उतरतात. तू बसून राहा. सरूची झाडं असलेलं सान मिकेलेचं बेट मागे पडतं, ते व्हेनिसचं कब्रस्तान. मग खाजण सुरू होतं. पाणी इतकं उथळ की बोटींची वाट पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांनी आखलेली आहे. मी एक थांबा आधी, माझोर्बोला उतरले आणि लाकडी पुलावरून चालत बुरानोत शिरले. धक्क्यावरची गर्दी टळली. रंगीत घरांचे फोटो तू पाहिले आहेसच, त्यामुळे त्यावर शाई खर्च करत नाही.

मी सरळ लेसच्या संग्रहालयात गेले. (ते कोणत्या वारी बंद असतं ते निघण्याआधी बघून ठेव.) पूर्वी याच इमारतीत लेसची शाळा होती. सुमे, ती शाळा कशी सुरू झाली ते ऐक. १८७२च्या हिवाळ्यात खाजण गोठलं, मासेमारी थांबली, कोळ्यांच्या घरी उपासमार आली. बायकांच्या हाताला काम द्यायचं म्हणून जुनी लेस पुन्हा सुरू करायचं ठरलं. पण तो टाका येणारी एकच म्हातारी उरली होती, चेंचा स्कार्पारिओला. सत्तरी ओलांडलेली. तिला करता येत होतं, शिकवता येत नव्हतं. म्हणून गावातली शिक्षिका आन्ना बेल्लोरिओ तिच्याशेजारी बसली, तिचे हात बघत बघत शिकली आणि मग तिनं मुलींना शिकवलं. तू मला शिकवायचीस तेव्हा तोंडानं सांगणं कमी आणि ‘हाताकडे बघ’ जास्त असायचं, ते आठवलं आणि मला तिथे खरोखर भरून आलं.

वरच्या मजल्यावर काही वयस्क बायका कामाला बसलेल्या असतात. मांडीवर उशी, उशीवर लाकडी रूळ, त्यावर नक्षीचा कागद. क्रोशाचा आकडा नाही, फिरक्या नाहीत, फक्त शिवणाची सुई आणि दोरा. आधी नक्षीच्या रेषेवर दोरा बसवतात, मग त्याच्या आधारानं टाके भरत जातात, आणि शेवटी खालचं कापड-कागद सोडवून काढतात. उरतात ते नुसते टाके. त्याला ‘पुंतो इन आरिया’ म्हणतात, हवेतला टाका. एकेक बाई एकाच प्रकारच्या टाक्यात तरबेज असायची, म्हणून एक तुकडा सात जणींच्या हातून जायचा. मी तासभर नुसती उभी राहिले. बाईंचं तेवढ्यात बोटाच्या पेराएवढंही काम पुढे सरकलं नाही. सहलीबरोबर आले असते तर हा तास मला कुणी दिला नसता.

यामुळेच तुझ्यासाठी टेबलक्लॉथ आणला नाही. गल्लीतल्या दुकानांत स्वस्त लेस ढिगानं आहे, पण त्यातली बरीच यंत्रावरची आणि बाहेरून आलेली. ज्या कामाला महिनोन् महिने लागतात ते काही युरोंत मिळणं शक्य नाही, आणि त्या बाईंच्या शेजारून उठून तसलं काही विकत घेणं मला जमलं नाही.

परतीच्या बोटीला दुपारी एवढी रांग होती की पहिली बोट भरून निघून गेली. हाताशी अर्धा तास जास्तीचा ठेवला होता म्हणून निभावलं. तूही ठेव.

मुरानोला सव्वा तास मिळाला. १२९१मध्ये आगीच्या भीतीनं व्हेनिसच्या काचभट्ट्या या बेटावर हलवल्या, पुढे कारागिरांना बेट सोडून जायलाही बंदी होती, कला बाहेर जाऊ नये म्हणून. तिकीट काढून एका भट्टीत बसले. लालबुंद गोळा नळीच्या टोकावर, आणि चिमट्यानं चार-पाचदा ओढल्यावर त्यातून घोडा. त्याला लगेच हात लावता येत नाही, दुसऱ्या भट्टीत सावकाश गार करावा लागतो, नाहीतर तडकतो. धक्क्यावर कुणी ‘भट्टीला फुकट बोट’ म्हणालं तर जाऊ नकोस. आमच्या जहाजावरचं एक जोडपं गेलं आणि दोन तास विक्रीच्या दालनातच अडकलं. घ्यायचंच तर ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ची, म्हणजे काच मुरानोतच बनल्याची, खूण बघून घे. सांता मारिया ए दोनातो चर्चची ११४० सालची मोझेकची जमीनही चुकवू नकोस, पाचच मिनिटं असली तरी.

मुरानोहून ३ नंबरची बोट थेट पियात्झाले रोमाला येते. सव्वाचारला जहाजावर होते.

सोबतच्या पाकिटात पातळ कागदात एक फूल आहे, नखाएवढं, बुरानोचं हातचं. परवडलं तेवढं तेच. घडी घालू नकोस. भिंगाखाली धर आणि पाकळीच्या कडेचा टाका तुला उलगडतो का ते बघ. मला नाही उलगडला. जमलं तर रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझी,
शैला