मुदतवाढ हवी, पण झाडाझडतीनंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की मागे पडलेल्या विभागांच्या समतोल विकासासाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची सगळ्यांना आठवण होते. निवेदने निघतात, विधान भवनाच्या पायऱ्यांवर फलक झळकतात, ‘मंडळांचे तातडीने पुनरुज्जीवन करा’ अशी मागणी होते. मी अमरावतीचा, आमच्या विभागाच्या सिंचन अनुशेषाबद्दल, म्हणजे इतर विभागांच्या तुलनेत मागे राहिलेल्या सिंचनाबद्दल, माझे मत काय असेल ते वेगळे सांगायला नको. तरीही ही मागणी मला अर्धवट वाटते. मंडळे परत आणा, जरूर आणा. पण ती होती त्या २६ वर्षांत, मुदतवाढ देताना त्यांच्याकडे हिशेब मागितला कुणी?

राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली, तीही मुळात पाच वर्षांसाठी. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये काढला होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर तो १४ हजार कोटींवर नेला. म्हणजे काम भरपूर होते. त्याच कलमात असेही लिहिले आहे की प्रत्येक मंडळाच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. त्या अहवालांवर सभागृहात कसून चर्चा झाली आणि म्हणून मुदतवाढ मिळाली, असे एखादे वर्ष मला तरी आठवत नाही. मुदत संपत आली की मुंबईहून फाईल निघायची, दिल्लीहून आदेश यायचा आणि मागील पानावरून पुढे चालू. मग ३० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, मुदत संपली ती संपलीच. मंडळे निरुपयोगी आहेत असे कुणी ठरवले नव्हते, उपयोगी आहेत असेही नाही.

कायद्यातच मुदत घालायची आणि ती संपण्याआधी त्या यंत्रणेची झाडाझडती घ्यायची, ही पद्धत अमेरिकेतल्या राज्यांनी रुळवली. तिथे अशा कायद्यांना ‘सनसेट लॉ’ म्हणतात. पहिला कायदा कोलोरॅडोने १९७६ मध्ये केला, दुसऱ्याच वर्षी टेक्सासने. माझी मुलगी ह्यूस्टनला असते, त्यामुळे टेक्सासच्या बातम्या माझ्याकडून जरा जास्तच वाचल्या जातात. तिथे साधारण दर १२ वर्षांनी एकेका सरकारी यंत्रणेची पाळी येते. आधी तिने स्वतःचे मूल्यमापन लिहून द्यायचे. मग यासाठीच नेमलेल्या सनसेट आयोगाचे कर्मचारी तिची कसून तपासणी करतात, अहवाल जाहीर होतो, जाहीर सुनावणीत कोणीही नागरिक उभा राहून बोलू शकतो. आयोगावर दोन्ही सभागृहांचे मिळून दहा आमदार आणि दोन सामान्य नागरिक असतात. पहिलाच प्रश्न असा की ही यंत्रणा मुळात हवी कशाला? विधिमंडळाने नवा कायदा करून ती पुढे चालू ठेवली नाही, तर गाशा गुंडाळायला वर्षभर मिळते आणि कारभार बंद. १९७७ पासून चाळीसहून अधिक यंत्रणा अशा बंद झाल्या आहेत. यात मला सर्वांत भावते ते हे, की पुरावा देण्याची जबाबदारी यंत्रणेवर असते. आपल्याकडे एकदा महामंडळ जन्माला आले की ते का बंद करावे हे दुसऱ्या कुणीतरी सिद्ध करायचे. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत निष्क्रिय सरकारी कंपन्यांची यादी वर्षानुवर्षे छापून येते, वाचतो कोण? उलट महामंडळांची अध्यक्षपदे नाराजांची समजूत काढायला कामी येतात.

पण टेक्सासचे अनुकरण डोळे मिटून करावे असेही नाही. २०१९ मध्ये तिथल्या प्लंबर परीक्षक मंडळाची पाळी आली. हे मंडळ प्लंबरना परवाने देते. त्याचे काम दुसऱ्या खात्याकडे सोपवावे अशी शिफारस होती. दोन्ही सभागृहांचे जमले नाही आणि विधेयक बारगळले. तिथले विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा १४० दिवस बसते, त्यामुळे पुढची संधी थेट २०२१ मध्ये. परवान्याचा कायदाच जाणार म्हटल्यावर प्लंबर रस्त्यावर आले. शेवटी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी २०१७ च्या हार्वे चक्रीवादळानंतरचे आपत्कालीन अधिकार वापरून ते मंडळ २०२१ पर्यंत जगवले. नळजोडणीसाठी चक्रीवादळाचा आधार! त्याआधी २०१७ मध्ये तर डॉक्टरांना परवाने देणाऱ्या मंडळाचे विधेयक दुसऱ्याच राजकीय मागण्यांसाठी अडकवून ठेवले गेले आणि खास अधिवेशन बोलवावे लागले.

हे वाचून हसू येण्याआधी आपला मार्च २०२१ आठवावा. विधान परिषदेवरच्या राज्यपालनियुक्त १२ आमदारांची रखडलेली नावे राज्यपाल ज्या दिवशी जाहीर करतील त्या दिवशी विकास मंडळेही जाहीर करू, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेतच सांगितले होते. विरोधकांनी गदारोळ केला, तो योग्यच होता. पण सिंचनाचा अनुशेष आणि विधान परिषदेच्या जागा एका दावणीला बांधता आल्या त्या कशामुळे? मंडळांनी काय केले, काय राहिले, याचा अधिकृत लेखाजोखा टेबलावर नव्हता म्हणून. तो असता तर निदान वाद त्यावर झाला असता. टेक्सासमध्ये विधेयक अडले तरी तपासणीचा अहवाल लोकांच्या हातात असतो; आपल्याकडे तेवढेही नव्हते.

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. या निर्णयाच्या पाठपुराव्यात आमच्या आमदारांनी आणखी तीन गोष्टी मागाव्यात. १९९४ पासूनचे सगळे वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या संकेतस्थळावर टाकावेत, जे सादरच झाले नसतील त्यांची वर्षे तरी जाहीर करावीत. नवी मुदत संपण्याच्या किमान दीड वर्ष आधी सर्वपक्षीय समितीने नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि कोकणात जाहीर सुनावणी घ्यावी. कोकण ‘उर्वरित’मध्ये मोडते म्हणून त्याला वगळू नये, त्याचे दुखणेही तेवढेच जुने आहे. आणि समितीचा अहवाल सभागृहात चर्चेला आल्याशिवाय मुदतवाढीची शिफारस दिल्लीला पाठवू नये. या समितीवर दोन जागा आमदार नसलेल्यांसाठी ठेवल्या आणि त्यातली एक पश्चिम विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला दिली तर अधिक बरे.

आपला,
एक वाचक, अमरावती